शोशोनींचे घोडे आणि लुईसचं वचन

नमस्कार मंडळी. मागच्या दोन बैठकांमध्ये आपण लुईस आणि क्लार्क या दोन कॅप्टनांच्या मोहिमेची गोष्ट सुरू केली, लुईझियाना खरेदी, राष्ट्राध्यक्ष जेफरसनचं ते पॅसिफिकपर्यंतच्या जलमार्गाचं स्वप्न, मिसुरीतला उलट्या प्रवाहातला प्रवास आणि मंडान लोकांच्या गावांशेजारी काढलेला हिवाळा इथपर्यंत आलो होतो, त्यामुळे ते सगळं परत उगाळत बसत नाही. आज फक्त ऑगस्ट १८०५, आणि त्यातलेही जेमतेम पंधरा-वीस दिवस. विषयाच्या नावात जे वचन आहे त्याचं पुढच्या शंभर वर्षांत काय झालं हे मला खरं म्हणजे सांगायचंय, त्याला मी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवलीयेत, समोर घड्याळ आहे, संयोजकांचं लक्षही आहे, बघूया.

तर परिस्थिती काय आहे ते डोळ्यासमोर आणा. मिसुरीचा उगम जवळ आलाय, नदी आता नदी राहिलेली नाही, ओढा झालाय. क्लार्क आणि बाकीची मंडळी थंडगार पाण्यात उभं राहून दोरांनी होड्या ओढतायत, होड्या दगडांवर घासतायत, रोज सगळे थकून पडतायत. एकूण ३३ जण, त्यात सहा महिन्यांचं एक बाळ. पुढे डोंगर आहे हे माहीत आहे, सामान प्रचंड आहे, आणि घोडा एकही नाही. घोडे मिळाले नाहीत तर मोहीम इथेच संपली हे लुईस स्वतः डायरीत लिहून ठेवतो. आणि घोडे कोणाकडे आहेत? या भागात फक्त शोशोनींकडे, म्हणजे या डोंगरांत राहणाऱ्या मूळ अमेरिकी लोकांकडे. ज्यांना आजवर गोऱ्या माणसांच्या या टोळीने बघितलेलंही नाही.

आता इथे माझी जी जुनी तक्रार आहे ती आधीच मांडून टाकते. ही गोष्ट सांगताना सगळे काय करतात? सगळे थेट १७ ऑगस्टवर उडी मारतात. साकागाविया, लहानपणी हिडात्सा नावाच्या दुसऱ्या टोळीने पळवून नेलेली शोशोनी मुलगी, दुभाषी म्हणून बसते, समोरच्या सरदाराकडे बघते, आणि अरे हा तर माझा भाऊ! धावत जाऊन मिठी मारते, दोघंही रडतात, आणि मग काय, बहिणीसाठी भाऊ घोडे देऊन टाकतो. मुलांच्या पुस्तकात हेच, फलकांवर हेच, माहितीपटात हेच. आपल्याकडच्या प्रेक्षकांना तर भाऊ-बहिणीची ताटातूट आणि भेट म्हटलं की डोळ्यात पाणी आलंच पाहिजे, माझ्याही येतं, आणि ती भेट खरीच झालीये, डायरीत नोंद आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तारखा बघा ना. सरदाराने, कॅमेआवेटने, घोडे घेऊन खिंडीपलीकडे यायचं कबूल केलं १४ तारखेला. गावातून निघाला १५ तारखेला. बहीण भेटली १७ ला. म्हणजे निर्णय आधी झालेला आहे. आणि तो निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नाही, तो उपाशी लोकांच्या एका पुढाऱ्याने हिशेब करून आणि जीव धोक्यात घालून घेतलेला निर्णय आहे. ती गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मला सांगायचीये.

हिशेब कळायला थोडं मागे जावं लागेल. १६८० मध्ये न्यू मेक्सिकोत प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला, त्यानंतर स्पॅनिश घोडे हळूहळू उत्तरेकडे पसरत गेले, आणि उत्तरेच्या मैदानात सगळ्यात आधी ज्यांच्याकडे घोडे आले त्यांच्यात शोशोनी होते. कोमांची म्हणजे यांचेच भाऊबंद, ते दक्षिणेला गेले आणि त्यांचा वेगळाच इतिहास झाला, तो विषय मी काढला तर आपण रात्री घरी जाऊ, सोडून देते. तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शोशोनी घोड्यावर आणि शत्रू पायी, अशी अवस्था होती. गवे मारायचे, मैदानात राहायचं, शत्रूवर चालून जायचं, त्यांचा दरारा होता.

डेव्हिड थॉम्पसन नावाचा एक तरुण व्यापारी १७८७-८८ च्या हिवाळ्यात पिगन लोकांच्या छावणीत राहिला होता, पिगन म्हणजे शोशोनींचे शत्रू जे ब्लॅकफीट, त्यांच्यापैकीच, तिथे त्याला सौकामापी नावाच्या म्हाताऱ्याने आपल्या तरुणपणाच्या लढाया सांगितल्या. थॉम्पसनने त्या लिहून ठेवल्या हे आपलं नशीब. म्हातारा मूळचा क्री टोळीतला. तो सांगतो की पिगन लोकांनी मदतीला बोलावलं, आम्ही गेलो, आमच्या बाजूला मिळून दहा बंदुका होत्या आणि प्रत्येकाकडे तीसेक गोळ्या. दहा! शोशोनींनी बंदूक कधी बघितलेली नव्हती. ढालींची भिंत करून उभे राहिले, आणि ढालीतून गोळी आरपार जाते हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यानंतर कॅनडातल्या व्यापाऱ्यांकडून ब्लॅकफीटांना बंदुका येतच राहिल्या, आणि शोशोनींना मात्र नाहीत, कारण त्यांचा व्यापार होता दक्षिणेच्या स्पॅनिशांशी आणि स्पॅनिश लोक मूळ रहिवाशांना बंदुका विकत नसत. दुसरीकडे १७८१ ची देवीची साथ. हाच सौकामापी सांगतो की आम्ही पहाटे शोशोनींच्या छावणीवर धाड घातली, तंबू फाडून आत शिरलो आणि आमची आरोळी घशातच राहिली, कारण आत लढायला कोणीच नव्हतं, सगळे मेलेले किंवा मरायला टेकलेले. मग तीच साथ धाड घालणाऱ्यांनाही लागली. हे वाचल्यावर दोन दिवस माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नव्हतं.

म्हणजे एका पिढीत, फार तर दोन पिढ्यांत, मैदान गाजवणारे लोक डोंगरात ढकलले गेले. १८०५ मध्ये लुईस भेटला तेव्हा त्या गावात त्याच्या अंदाजाने शंभरेक लढवय्ये आणि तीनशेच्या आसपास बायका-मुलं. घोडे मात्र भरपूर, आधी ४०० वाटले, नंतर नीट बघितल्यावर तो ७०० लिहितो. सातशे घोडे आणि कातडी तंबू किती? एक. बाकी सगळ्या झुडपांच्या फांद्यांच्या झोपड्या. कारण त्याच वसंतात शत्रूची धाड पडली होती, वीस माणसं मारली किंवा पळवली गेली होती, तंबू गेले होते. कॅमेआवेटचे स्वतःचे केस बारीक कापलेले होते, घरातलं माणूस गेलं की तसे कापायची रीत. हा माणूस सुतकात होता हो! हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्यावर जो संशयाचा आरोप होतो ना, की बघा किती संशयी, त्याला हे उत्तर आहे.

बरं, आता भेट. लुईस तीन माणसं घेऊन पुढे चालत निघालाय, ड्रुइयार, शील्ड्स आणि मॅकनील. ११ ऑगस्टला दुर्बिणीतून एक घोडेस्वार दिसतो. लुईस घोंगडी हवेत उडवून जमिनीवर अंथरतो, म्हणजे या, बसा, ही मैत्रीची खूण. मणी दाखवतो, आरसा दाखवतो. स्वार थांबतो, बघतो. पण डावी-उजवीकडून बाकीचे दोघं चालतच राहतात, लुईस थांबायची खूण करतो ती शील्ड्सला दिसतच नाही. तीन अनोळखी माणसं तीन बाजूंनी आपल्या दिशेने येतायत म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतं? त्याने घोडा वळवला आणि झाडीत गायब. लुईसने दोघांची चांगलीच खरडपट्टी काढली.

१२ तारखेला ते खिंडीत, लेमहाय पासला पोचले. मॅकनीलने त्या चिमुकल्या ओढ्यावर एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून देवाचे आभार मानले की मिसुरीच्या दोन्ही काठांवर पाय ठेवून उभं राहायला मिळालं. मला हा माणूस फार आवडतो. आणि मग लुईस पलीकडे बघतो. जेफरसनच्या कल्पनेप्रमाणे पलीकडे उतार असायला हवा आणि खाली समुद्राकडे जाणारी मोठी नदी. प्रत्यक्षात समोर डोंगरामागे डोंगर, वर बर्फ. मी तिथे गेलेय, ७३०० फुटांच्या वर आहे ती जागा, आजही कच्चा रस्ता आहे, आणि पश्चिमेला बघितलं की पोटात गोळा येतो, गाडी खाली उभी असूनसुद्धा. त्या माणसाने त्या क्षणाबद्दल निराशेचं एक वाक्य लिहिलेलं नाही. पण जलमार्गाचं ते जुनं स्वप्न तिथे संपलंय, आणि शोशोनींची माणसं त्या खिंडीतून नेहमी ये-जा करायची, पायवाट मळलेली होती, लुईस त्याच पायवाटेने चालत वर आला होता. तिला ‘शोध’ म्हणतात याचा मला मनापासून राग येतो.

१३ ला सकाळी अचानक समोर तीन बायका. एक तरुण, ती पळाली. एक म्हातारी आणि एक बाराएक वर्षांची मुलगी, त्यांना पळता येण्यासारखं नव्हतं, तर त्या दोघी खाली बसल्या आणि मान खाली घालून वाट बघत राहिल्या, आता मारतील म्हणून. हे वाचताना मी दरवेळी थांबते. लुईसने बंदूक खाली ठेवली, म्हातारीचा हात धरून उठवलं, मणी दिले, आऱ्या दिल्या, आरसे दिले, आणि पुढे तिघींच्याही गालांना शेंदरी रंग लावला, ती शांततेची खूण. मग त्याने ड्रुइयारमार्फत खाणाखुणांनी म्हातारीला सांगितलं की त्या पळालेल्या मुलीला हाक मार, नाहीतर ती गावात जाऊन बोंब ठोकेल. म्हातारीने हाक मारली. ती आली परत, धापा टाकत.

पुढे दोनेक मैलांवर साठ घोडेस्वार भरधाव येताना दिसले, लढायच्या तयारीने. लुईस बंदूक मागे ठेवून झेंडा घेऊन एकटा पुढे गेला, त्याच्या धाडसाला माझा सलाम आहे. पण त्या साठ जणांना थांबवलं कोणी? सरदाराने आधी त्या बायकांशी बोलणं केलं. म्हातारीने मणी दाखवले, गाल दाखवला, हे कोण लोक आहेत ते सांगितलं. तिचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिने वेगळं काही सांगितलं असतं तर पॅसिफिक वगैरे सगळं तिथेच राहिलं असतं. त्यानंतर गळाभेटी सुरू झाल्या, गालाला गाल लावून, आणि प्रत्येकाच्या गालावर चरबी आणि रंग, साठ जणांच्या मिठ्या! लुईस लिहितो की या राष्ट्रीय मिठीचा मला पुरेपूर कंटाळा आला. लग्नाच्या रिसेप्शनला नवरा-नवरीचं तेच होतं, तुम्हाला कळलं असेल.

मग चिलीम. चिलीम ओढण्याआधी त्यांनी पायातलं काढलं आणि पाहुण्यांनाही काढायला लावलं. याचा अर्थ लुईसला नंतर कळला, तो असा, की या मैत्रीत मी खोटा ठरलो तर जन्मभर अनवाणी चालायची वेळ माझ्यावर येवो. आणि लुईस पुढे म्हणतो की या लोकांच्या माळरानांवरून चालायचं तर ही शिक्षा काही हलकी नाही. ही शपथ दोन्ही बाजूंनी घेतली गेलीये, एवढं आत्ता लक्षात ठेवा.

गावात खायला काय, तर वाळवलेल्या बोरांच्या वड्या. तेच पाहुण्यांना दिलं. एका माणसाने सामन माशाचा तुकडा दिला, तो खाल्ल्यावर लुईसची खात्री पटली की आपण पॅसिफिकच्या पाण्यावर आलो. १४ तारखेला कॅमेआवेटने जमिनीवर रेघा काढून नद्या दाखवल्या, वाळूचे ढीग करून डोंगर दाखवले, आणि सांगितलं की नदीने जाता येणार नाही, खडक आहेत, पाणी फेसाळतं. क्लार्कने नंतर स्वतः जाऊन बघितलं, शब्द न् शब्द खरा. आणि याच दिवशी तो जे बोलला ते माझ्या मते या सगळ्या मोहिमेतलं सगळ्यात महत्त्वाचं बोलणं आहे. तो म्हणाला की आमच्याकडे बंदुका असत्या तर आम्ही गव्यांच्या मुलखात राहिलो असतो, आमचे शत्रू खातात तसं खाल्लं असतं, या डोंगरांत लपून अस्वलांसारखी मुळं आणि बोरं खात जगलो नसतो. लुईसने काय उत्तर दिलं? की आम्ही परत गेलो की गोरे लोक भरपूर बंदुका आणि माल घेऊन तुमच्याकडे व्यापाराला येतील. आणि आत्ता तुम्ही तीस घोडे घेऊन माझ्याबरोबर खिंडीपलीकडे या. हेच ते वचन. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, इथे दोघंही गरजवंत होते, आणि दोघांनाही अक्कल भरपूर होती.

१५ ला सकाळी निघायची वेळ आली आणि गाव कचरलं. कोणीतरी कुजबुजलं की हे गोरे शत्रूला सामील आहेत, खिंडीपलीकडे सापळा लावलाय. वसंतात वीस माणसं गमावलेल्या गावाला असं वाटणारच! लुईसने मर्मावर बोट ठेवलं, म्हणाला तुमच्यात मरायला न घाबरणारे कोणी असतील अशी आशा आहे. कॅमेआवेट घोड्यावर बसला, गावाला तिसऱ्यांदा समजावलं, मी मरायला भीत नाही म्हणाला आणि निघाला. बरोबर सुरुवातीला सहा-आठ जण. म्हाताऱ्या बायका रडतायत, देवाची करुणा भाकतायत. मग थोडं अंतर गेल्यावर दहा-बारा आले, आणि शेवटी गावातले जवळपास सगळे पुरुष आणि बऱ्याच बायका. सकाळी पिठात बोरं घालून लापशी केली होती, सगळ्यांचं पीठ मिळून दोन पौंड, कॅमेआवेट म्हणाला की इतकं चांगलं बऱ्याच दिवसांत खाल्लं नाही.

आता १६ ऑगस्ट. हा दिवस मी सावकाश सांगणार आहे, चालेल ना?

लुईसने ड्रुइयार आणि शील्ड्सला शिकारीला पुढे पाठवलं आणि बाकीच्यांना सांगितलं की तुम्ही मागेच थांबा, गलका झाला तर जनावरं पळतील. याचा परिणाम उलटा. हे दोघं पुढे जाऊन शत्रूला खबर देणार असं वाटून दरीच्या दोन्ही अंगांनी टेहळणी सुरू झाली. थोड्या वेळाने त्यातला एक जण घोडा फेकत परत येताना दिसला. सगळे थिजले. लुईसच्याही मनात आलं की नशिबाने खरंच शत्रूची टोळी उगवली की काय. तो पोचला, काहीतरी ओरडला, आणि सगळे बेफाम सुटले. लुईसच्या मागे त्याच घोड्यावर बसलेला शोशोनी तरुण घोड्याला चाबकावर चाबूक मारतोय, रिकीब नाही, हाडं खिळखिळी, शेवटी लुईसने लगाम खेचला तर तो तरुण खाली उडी मारून पायी धावत सुटला, मैलभर. कशासाठी? तर ड्रुइयारने हरीण मारलं होतं.

ड्रुइयारने कोथळा बाहेर टाकला होता, त्यावर ते तुटून पडले. काळीज, मूत्रपिंड, आतडी, सगळं कच्चं. एकाच्या हातात नऊएक फूट आतडं होतं, एका टोकाने चावतोय आणि हाताने आतलं दुसऱ्या टोकाने पिळून बाहेर काढतोय. लुईसला दया आली असं तो लिहितो, आणि पशूंशी तुलनाही करतो. हा उतारा लोक चवीने वाचून दाखवतात. पण १८१४ साली ही रोजनिशी छापली गेली त्यात याच जागी पुढे एक वाक्य आहे, ते कोणी वाचत नाही. एवढी भूक असूनसुद्धा त्यांनी हरीण हिसकावून घेतलं नाही, शिकाऱ्याने जे फेकलं होतं तेवढंच खाल्लं. एवढ्या भुकेल्या माणसांपुढे तीन-चार परके, आणि ते हरीण शाबूत राहिलं! लुईसने मग एक तुकडा आपल्या माणसांसाठी ठेवून बाकीचं वाटायला दिलं. पुढे आणखी शिकार मिळाली, वातावरण निवळलं.

दोन नद्यांच्या संगमावर क्लार्क भेटायचा होता. जवळ आल्यावर कॅमेआवेटने आपल्या लोकांचे कातडी गळपट्टे गोऱ्यांच्या गळ्यात घातले. म्हणजे सापळा असेलच तर लांबून दिसताना गोरे कोण आणि शोशोनी कोण कळू नये. हुशारी बघा. लुईसनेही आपली पिसं लावलेली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. संगम दिसला आणि... क्लार्क नाही. होड्या नाहीत. कोणीच नाही.

आता लुईसने बंदूक कॅमेआवेटच्या हातात दिली. म्हणाला, झुडपात शत्रू असले तर हिने स्वतःला वाचव, आणि मी फसवलं असं वाटलं तर माझ्यावर झाड. त्याच्या माणसांनीही बंदुका दिल्या. आणि मग दुसरी युक्ती. सहा दिवसांपूर्वी लुईसनेच तिथे क्लार्कसाठी एक चिठ्ठी काठीला लावून ठेवली होती. ती ड्रुइयारला एका शोशोनी माणसाबरोबर जाऊन आणायला लावली, म्हणजे साक्षीदार झाला, आणि मग चिठ्ठी वाचल्यासारखं करून सांगितलं की ही माझ्या भावासारख्या सरदाराने पाठवलीये, तो खाली जवळच आहे, येतोय, थांबा म्हणतोय. स्वतःची चिठ्ठी! तीन दिवसांपूर्वी पायातलं काढून चिलीम ओढलेला माणूस. लुईसला ते खुपलं, हे खोटं मला जरा अवघड गेलं असं तो लिहितो, तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. त्या रात्री तो झोपला नाही. कॅमेआवेट त्याच्या मच्छरदाणीला लागूनच झोपला, बाकीचे बरेचसे झाडीत लपून. आणि यॉर्कबद्दल, क्लार्कचा काळा गुलाम, त्याच्याबद्दल त्यांना कोणीतरी सांगून ठेवलं होतं, काळ्या रंगाचा कुरळ्या केसांचा माणूस आमच्यात आहे, तो बघायची उत्सुकता मालाइतकीच होती, लुईस म्हणतो. जाता जाता सांगते, या मोहिमेत सगळ्यांना पगार आणि जमिनी मिळाल्या, यॉर्कला काही नाही, आणि साकागावियालाही नाही. तिच्या नवऱ्याला, शार्बोनोला, ५०० डॉलर ३३ सेंट.

१७ ला सकाळी क्लार्कची मंडळी आली. साकागाविया पुढे चालत होती, लोक दिसल्यावर ती नाचायला लागली, बोटं तोंडात घालून चोखायला लागली, ही माझी माणसं आहेत याची खूण. तिच्याबरोबर पळवली गेलेली आणि निसटून परत आलेली एक मैत्रीण गर्दीतून पुढे आली. मग सभेत भाऊ ओळखला, घोंगडी त्याच्या अंगावर टाकून रडली. नंतर तिला कळलं की दोन भाऊ आणि मोठ्या बहिणीचा एक मुलगा सोडून घरातलं कोणी उरलेलं नाही. मी ही भेट कमी लेखत नाही. तिच्यामुळे बोलणी सोपी झाली, विश्वास बसला. शोशोनीतून हिडात्सा, हिडात्सातून फ्रेंच, फ्रेंचमधून इंग्रजी, असं एकेक वाक्य फिरत होतं आणि तिच्यावाचून ते झालंच नसतं. माझं म्हणणं एवढंच की कॅमेआवेट तिच्यासाठी आला नव्हता.

ज्या जागी हे घडलं तिथे आज धरणाचं पाणी आहे, क्लार्क कॅनियन धरण, १९६४ मध्ये पुरं झालं.

घोड्यांची खरेदी. पहिले तीन घोडे सुमारे वीस डॉलरच्या मालात मिळाले, एक कोट, काही रुमाल, सुऱ्या असं. ऑगस्टअखेर एका घोड्यासाठी क्लार्कला पिस्तूल, शंभर गोळ्या, दारू आणि सुरी द्यावी लागली. समोरच्याची नड ओळखली की भाव चढतो, आणि त्यांनी मागितलं काय ते बघा, हत्यार. शेवटी २९ घोडे झाले, आणि क्लार्कने तपासले तर जवळपास सगळ्यांच्या पाठी सोललेल्या, काही अगदी लहान. म्हणजे भावाने बहिणीसाठी घोडे देऊन टाकले वगैरे काही नाही, त्यांनी आपले चांगले घोडे राखून ठेवले आणि ते बरोबरच केलं.

संयोजक हात दाखवतायत... किती? दहा? सात. बरं. मग २५ ऑगस्ट लवकर सांगते कारण तो सोडताच येत नाही. कॅमेआवेटने गुपचूप निरोप पाठवला की उरलेल्या लोकांनी उद्या इकडेच यावं, सगळे मिळून गव्यांच्या शिकारीला जाऊ. म्हणजे शोशोनींच्या मदतीने खिंडीपलीकडे चाललेलं लुईसचं सामान डोंगरातच अडकलं असतं. साकागावियाला हे कळलं, शार्बोनोने दुपारी सहज बोलता बोलता लुईसला सांगितलं, सकाळीच का नाही सांगितलंस म्हणून त्याला बोलणी बसली. लुईसने सरदारांना बसवून विचारलं, तुम्ही दिल्या शब्दाला जागणारी माणसं आहात ना? बंदुका हव्या असतील तर शब्द पाळायला शिका. नऊ दिवसांपूर्वी खोटी चिठ्ठी वाचलेला माणूस हे विचारतोय. कॅमेआवेट बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मी चुकलो हे मला माहीत आहे, पण माझी माणसं उपाशी आहेत. आता शब्द पाळीन. आणि पाळला. त्यांच्यातलाच एक म्हातारा वाटाड्या, टोबी म्हणतात त्याला, त्याने मोहिमेला बिटररूट डोंगररांगेच्या बर्फातून पलीकडे नेस पर्स लोकांपर्यंत पोचवलं, वाटेत शिंगरू मारून खायची वेळ आली, पण पोचवलं, आणि ऑक्टोबरमध्ये पैसेही न घेता तो परत फिरला.

आता वचन, जे सांगायला मी आले होते.

जुलै १८०६, परतीच्या वाटेवर लुईस टू मेडिसिन नदीवर पिगन तरुणांना भेटला आणि त्यांना सांगून बसला की आम्ही डोंगरापलीकडच्या लोकांशीही व्यापार करणार आहोत, म्हणजे तुमच्या शत्रूंनाही बंदुका मिळणार. दुसऱ्या दिवशी पहाटे बंदुका पळवण्यावरून झटापट, दोन पिगन मेले. १८१० मध्ये मिसुरी फर कंपनीने मिसुरीच्या उगमाकडे थ्री फोर्क्सला ठाणं बांधलं, ब्लॅकफीटांनी ते टिकू दिलं नाही, आणि आपला ड्रुइयार, हरीण मारणारा, तिथेच मारला गेला. फरचे व्यापारी नंतर आले, बंदुकाही आल्या, पण त्यांच्या मागोमाग जे आलं त्याबद्दल लुईस काही बोलला नव्हता. बीव्हर संपले, गवे संपले, ऑरेगनला जाणाऱ्या गाड्यांनी कुरणं संपवली, मग सोन्याच्या खाणी. २९ जानेवारी १८६३ ला, आत्ताच्या आयडाहोत प्रेस्टनजवळ, बेअर रिव्हरवर कर्नल कॉनरच्या कॅलिफोर्नियाच्या पलटणीने शोशोनींच्याच दुसऱ्या एका शाखेच्या हिवाळी छावणीवर पहाटे हल्ला केला. मेलेल्यांचे आकडे अडीचशेपासून चारशेपर्यंत दिले जातात, त्यात बायका-मुलं खूप. एवढं मोठं हत्याकांड आणि यादवी युद्धाच्या बातम्यांत ते बुडून गेलं.

लेमहाय खोऱ्यातल्या लोकांचा, म्हणजे कॅमेआवेटच्या लोकांचा पुढारी तेव्हा टेंडॉय. त्याने गोऱ्यांशी भांडण होऊ दिलं नाही. १८६८ मध्ये त्यांच्याबरोबर तह झाला, सिनेटने तो मंजूरच केला नाही. १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने छोटं राखीव क्षेत्र मिळालं. मग बत्तीस वर्षं तगादा, फोर्ट हॉलच्या दुसऱ्या राखीव क्षेत्रात जा. १९०७ मध्ये टेंडॉय वारला आणि त्याच वर्षी त्यांना खोरं सोडून फोर्ट हॉलला जावं लागलं. शंभर वर्षं आणि वर दोन. आपण वेगळी टोळी म्हणून सरकारने आपल्याला मान्यता द्यावी ही लेमहाय शोशोनींची मागणी त्यानंतरही चालू राहिली. २००० साली साकागावियाचं चित्र असलेलं डॉलरचं नाणं निघालं, तिच्या माणसांचा तह मात्र नामंजूर तो नामंजूरच.

वेळ संपली, १८६८ च्या तहाची कलमं मी लिहून आणली होती ती राहिली, ज्यांना हवीत त्यांनी नंतर माझ्याकडून फोटो काढून घ्या. रोजनिशी इंटरनेटवर फुकट आहे, सगळी वाचायची गरज नाही, ११ ते २५ ऑगस्ट १८०५ एवढीच वाचा, लुईसची आणि क्लार्कची दोन्ही. हां, विचारा, मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.